वीजबिल चुकलं, वीज तोडायची नोटीस आली: महाराष्ट्रातल्या ग्राहकाने कायद्याने काय करायचं, पायरीपायरीने

घरी नेहमी हजार-बाराशेचं बिल येतं आणि एका महिन्यात अठरा हजारांचं येतं. बहुतेक जण वीज कंपनीच्या कार्यालयात जातात, खिडकीवर तोंडी तक्रार करतात, "आधी बिल भरा, मग बघू" हे ऐकून परत येतात. भीतीपोटी पैसे भरले की प्रकरण तिथेच संपतं. वीज कायदा २००३ वाचला तर दिसतं की ग्राहकाच्या हातात बरंच काही दिलेलं आहे. पण ते सगळं कागद आणि तारखा यांवर चालतं. तोंडी तक्रारीला कायद्याच्या लेखी काहीच किंमत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीला कोणता कागद, कोणाकडे आणि किती दिवसांत, एवढंच पाहू.

आधी ओळख: कोण काय ठरवतं

वीज कायदा २००३ देशभर १० जून २००३ पासून लागू झाला. त्याने १९१०, १९४८ आणि १९९८ चे तीन जुने कायदे मोडीत काढले. महाराष्ट्रात जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचं विभाजन झालं. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या वाहिन्यांतून नेणारी महापारेषण आणि घरापर्यंत पोचवणारी महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर हेही वितरण परवानाधारक आहेत. मुलुंड-भांडुप भागात महावितरण आहे. टाटा आणि अदानी यांची परवान्याची हद्द बरीचशी एकच असल्यामुळे मुंबईच्या त्या भागात घरगुती ग्राहकाला पुरवठादार बदलता येतो. टाटाला लहान ग्राहकांनाही वीज विकता येते हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये स्पष्ट केलं. बदल करण्याआधी जुनी थकबाकी मात्र चुकती करावी लागते. राज्याच्या बाकी भागात घरगुती ग्राहकापुढे असा पर्याय नाही, म्हणून तिथे नियंत्रकाचं काम जास्त मोलाचं.

तो नियंत्रक म्हणजे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. विजेचा दर ना कंपनी ठरवते ना मंत्री. कंपनी याचिका दाखल करते, तिची जाहीर सूचना निघते, लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, जनसुनावणी होते आणि मग आयोग दराचा आदेश काढतो. घरगुती ग्राहकालाही या सुनावणीत लेखी हरकत देता येते आणि ती द्यावी, कारण एकदा दर मंजूर झाला की बिलाच्या तक्रारीत "दरच जास्त आहे" हा मुद्दा कोणीही ऐकत नाही. तक्रार चालते ती दर चुकीचा लावल्याची.

गोव्यात मूळ कायदा हाच आहे. पुरवठा राज्याच्या वीज खात्याकडे आणि नियंत्रण गोवा व केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त आयोगाकडे आहे. त्यामुळे खाली कायद्याची जी कलमं दिली आहेत ती गोव्यालाही लागू, आयोगाचे विनियम मात्र वेगळे.

पायरी १: बिल उलगडून वाचा

रकमेच्या चौकटीकडे शेवटी या. आधी चार गोष्टी बघा: मागील रीडिंग, चालू रीडिंग, मीटरची स्थिती आणि किती महिन्यांचं बिल आहे. बिलावर मीटरचा फोटो असेल तर तोही बघा. फोटोतला आकडा आणि छापलेला आकडा जुळतो का, आणि फोटोतल्या मीटरचा क्रमांक तुमच्याच मीटरचा आहे का, हे दोन्ही ताडून पाहा. मोठ्या इमारतींत, जिथे जिन्याखाली वीस-पंचवीस मीटर ओळीने लावलेले असतात, तिथे शेजाऱ्याच्या मीटरचं रीडिंग तुमच्या बिलावर येणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

त्यानंतर आकार. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि राज्य सरकारचं वीज शुल्क (घरगुतीला १६ टक्के) अशा ओळी असतात. यांत गडबड बहुधा वीज आकाराच्या ओळीत होते, आणि तीही टप्प्यांच्या हिशेबात.

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर असे चढत जातात. समजा दोन महिने घर बंद दाखवून रीडिंग घेतलंच नाही आणि तिसऱ्या खेपेला तीन महिन्यांचे मिळून ४५० युनिट एकदम लावले. ते एका महिन्याचे धरले तर १०० युनिट पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात आणि १५० महागड्या तिसऱ्या टप्प्यात जातात. खरा हिशेब महिना १५० युनिटचा आहे. म्हणजे तिन्ही महिने मिळून ३०० युनिट पहिल्या टप्प्यात, १५० दुसऱ्यात, आणि तिसऱ्या टप्प्यात एकही नाही. युनिट तेवढेच, पण रकमेत मोठा फरक. बिल जितक्या महिन्यांचं तितक्या पटीने टप्पा वाढवून द्यायचा असतो. तक्रारीत याला "स्लॅब बेनिफिट द्यावा" म्हणतात आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्याला हे शब्द लगेच कळतात.

मीटर चालू असूनही अंदाजे, म्हणजे सरासरीचं बिल येत असेल तर केंद्राचे "विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम २०२०" लक्षात ठेवा. हे नियम ३१ डिसेंबर २०२० ला आले. एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त तात्पुरती बिलं काढता येत नाहीत. दोन बिलचक्रांनंतरही अंदाजाचं बिल चालूच राहिलं तर, नैसर्गिक आपत्तीसारखा प्रसंग सोडून, प्रत्यक्ष रीडिंगचं बिल येईपर्यंत ग्राहकाला पैसे भरायला नकार देता येतो. हा नकारही लेखीच कळवायचा. नुसतं बिल न भरता गप्प बसलात तर तुम्ही सरळ थकबाकीदार ठरता.

पायरी २: मीटर घरीच पडताळून घ्या

तक्रार "मीटर फास्ट आहे" अशी लिहिण्याआधी अर्धा तास द्या. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती लुकलुक होतात हे छापलेलं असतं. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३२०० असतो. लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट.

आधी घराचा मेन स्विच बंद करा आणि मीटरपाशी जाऊन पाहा. मेन बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर मीटर आणि मेन यांच्या मधल्या वायरीत गळती आहे किंवा तुमच्या मीटरवरून दुसऱ्याच कोणाला वीज जाते आहे. मग मेन चालू करून घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टरचा प्लगसुद्धा काढा. आता दिवा लुकलुकला तर गळती घरातल्या वायरिंगमध्ये आहे. तिथे दोष मीटरचा नाही, आणि तक्रार हरण्याचं हे एक मोठं कारण असतं. आधी वायरमन बोलवा.

दोन्ही वेळा दिवा शांत राहिला तर माहीत असलेला एकच भार लावा. १००० वॉटचा पाण्याचा रॉड सगळ्यात सोयीचा, कारण इस्त्री किंवा गिझर मधेच आपोआप बंद होतात. रॉड पाण्यात बुडवूनच लावायचा आणि चालू असताना बादलीला हात लावायचा नाही. हजार वॉट म्हणजे तासाला एक युनिट. ३२०० च्या मीटरवर पाच मिनिटांत सुमारे २६७ लुकलुक. व्होल्टेज कमी-जास्त असल्यामुळे पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो, त्याने बिथरू नका. आकडा ३५० च्या पुढे गेला तर मात्र मीटरवर शंका घ्यायला पक्कं कारण आहे. लुकलुक मोजतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

पायरी ३: लेखी तक्रार, पोच आणि मीटर तपासणी

वीज तक्रारीच्या १९१२ या फोन क्रमांकावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर तक्रार करायला हरकत नाही, पण तिचा क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात कागदही द्या. महावितरणमध्ये अर्ज शाखा कार्यालयाला न देता उपविभागाच्या अधिकाऱ्याला द्यावा, कारण बिल दुरुस्तीचं काम तिथे चालतं. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावा.

अर्ज लांबलचक नको. उदाहरणादाखल:

"विषय: ग्राहक क्रमांक ……, जून महिन्याच्या बिलाची दुरुस्ती व मीटर तपासणीबाबत.
१) बिलावर चालू रीडिंग ८९४२ छापलं आहे. बिल मिळालं त्या दिवशी मीटरवर प्रत्यक्ष रीडिंग ८२१७ होतं. तारखेसह फोटो जोडला आहे.
२) मागील बारा महिन्यांचा सरासरी वापर दरमहा …… युनिट आहे.
३) बिल प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे दुरुस्त करावं. मीटरची तपासणी माझ्या उपस्थितीत करून अहवालाची प्रत द्यावी.
४) माझ्या खात्याच्या सीपीएलची प्रत द्यावी.
५) तक्रारीचा निर्णय होईपर्यंत वीज कायदा २००३ च्या कलम ५६ (१) प्रमाणे मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम हक्क राखून भरायला मी तयार आहे. पुरवठा खंडित करू नये."

यातला चौथा मुद्दा नवखे लोक हमखास विसरतात. सीपीएल म्हणजे तुमच्या खात्याची महिनावार नोंदवही. कोणत्या महिन्यात रीडिंग घेतलं, कधी "लॉक" किंवा "फॉल्टी" असा शेरा पडला, मीटर कधी बदललं, जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग काय धरलं, हे सगळं तिच्यात असतं. निम्म्या तक्रारींचं उत्तर या एका कागदात मिळतं. मागूनही दिली नाही तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस. मीटर बदलल्याचा अहवाल आणि जुन्या मीटरचा तपासणी अहवालही त्याच अर्जात मागून घ्या.

तपासणी बहुधा आधी जागेवर "अ‍ॅक्युचेक" यंत्र लावून होते आणि गरज पडली तर मीटर प्रयोगशाळेत जातं. २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार नोंदवताना तपासणीचं शुल्क घ्यायचं नसतं. मीटर बरोबर निघालं तर ते पुढे वसूल होतं. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने आणखी एक चांगली सोय झाली. रीडिंग खऱ्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवायचं आणि किमान तीन महिने दोन्हींची तुलना करायची. मागितल्याशिवाय हे मीटर सहसा कोणी बसवत नाही, तेव्हा अर्जात स्पष्ट लिहा.

मीटर सदोष निघालं तर किती मागे जायचं? आयोगाच्या २०२१ च्या वीज पुरवठा संहितेत मर्यादा आहे: वाद निर्माण झालेल्या महिन्याच्या आधीचे जास्तीत जास्त तीन महिने. मीटर बंदच पडलं असेल तरीही आकारणी जास्तीत जास्त तीन महिन्यांची, आणि ती त्या तीन महिन्यांच्या आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर. "तुमचं मीटर दीड वर्ष बंद होतं, दीड वर्षाचं भरा" असं पत्र आलं तर उत्तरात हाच नियम लिहायचा. मीटरशी छेडछाड झाल्याचा आरोप असेल तर ही तीन महिन्यांची ढाल चालत नाही.

पायरी ४: वीज तोडायची नोटीस आली तर

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. कलम ५६ (१) सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाच्या रकमेबद्दल वाद असेल तर त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे नियमाला जोडलेली अपवादाची अट, तुमच्या मदतीला येतं. मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहा होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हक्क राखून भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

हिशेब असा. समजा वादातलं बिल १८,४०० रुपयांचं आहे. मागची सहा बिलं ११५०, १२२०, ९८०, १३१०, १४०० आणि १२४० रुपयांची होती. बेरीज ७३००, सरासरी साधारण १२१७. तर त्या महिन्यासाठी १२१७ रुपये भरायचे आणि वाद चालू असेपर्यंत पुढच्या प्रत्येक महिन्यालाही तसंच. एकदा सरासरी भरली आणि पुढचे दोन महिने काहीच भरलं नाही, तर संरक्षण गेलं. लोक इथेच चुकतात.

दुसरी अडचण पैसे भरण्याच्या जागी येते. खिडकीवरचा माणूस पूर्ण रकमेपेक्षा कमी घेत नाही. त्यासाठी उपविभागातून आधी भाग-रकमेची मंजुरी, म्हणजे "पार्ट पेमेंट"ची स्लिप घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर धनादेश पत्रासोबत जोडून पोच घ्या आणि पत्रात "कलम ५६ (१) च्या परंतुकानुसार, हक्क राखून" हे शब्द लिहाच. ते शब्द नसले तर तुम्ही रक्कम मान्य करून हप्त्याने भरताय असा अर्थ लावायला जागा राहते.

पायरी ५: जुनी थकबाकी अचानक निघाली तर

"लेखापरीक्षणात आढळलं, चार वर्षांपूर्वी चुकीचा दर लागला होता, फरक भरा." अशा पत्रांवर कलम ५६ (२) लागू होतं. एखादी रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, मधल्या काळात ती बिलांवर सतत थकबाकी म्हणून दाखवलेली असेल तर गोष्ट वेगळी.

"पहिल्यांदा देय" कधीपासून धरायचं यावर बराच खल झाला आहे आणि ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे (पायरी ६) जाताना दोन्ही बाजूंचे निकाल माहीत हवेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०१९ मध्ये सांगितलं की पहिल्या मागणीच्या तारखेपूर्वी दोन वर्षांच्या पलीकडच्या वापराचे पैसे मागता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वितरण कंपनीच्या खटल्यात म्हटलं की खरोखरच्या चुकीमुळे राहिलेली रक्कम दोन वर्षांनंतरही मागता येते, पण तिच्यासाठी वीज तोडता येत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या प्रेम कॉटेक्स निकालात तेच न्यायालय कंपनीच्या बाजूने आणखी पुढे गेलं: चूक सापडल्यावर बिल काढलं तेव्हाच रक्कम देय झाली, असं तिथे धरलं. तेव्हा ग्राहकाने उत्तरात क्रम असा ठेवावा: आधी रकमेचा मूळ हिशेब आणि चुकीचा पुरावा मागायचा, मग दोन वर्षांची मर्यादा सांगायची.

जुनं घर किंवा गाळा विकत घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. आधीच्या मालकाची थकबाकी जागेला चिकटते असा नियम राज्याच्या आयोगाला करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये मान्य केलं आहे. खरेदीखतावर सही करण्याआधी शेवटचं भरलेलं बिल, थकबाकी नसल्याचं पत्र आणि सुरक्षा ठेवीची नोंद ताब्यात घ्या आणि नाव बदलण्याचा अर्ज लगेच द्या.

पायरी ६: ग्राहक तक्रार निवारण मंच आणि विद्युत लोकपाल

कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा उत्तरच दिलं नाही, तर कलम ४२ (५) खालच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायचं. महावितरणचे मंच परिमंडल पातळीवर आहेत. मुंबईच्या कंपन्यांचे आपापले आहेत. मंचाचा पत्ता बिलामागे किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. आयोगाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे यावं लागतं. त्यानंतर कितीही खरी बाजू असली तरी दार बंद.

वकील लागत नाही. ठरावीक नमुन्यातला अर्ज, सोबत घटनांची तारीखवार यादी, वादातलं बिल, आधीची बारा बिलं, सीपीएल, फोटो, दिलेल्या अर्जांच्या पोच. कागदांना पान क्रमांक घाला आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक लिहा. सुनावणी थोडक्यात होते आणि सदस्यांना कागद चटकन सापडला पाहिजे. मागणी नेमकी हवी. "न्याय मिळावा" असं न लिहिता "अमुक महिन्याचं बिल रद्द करून तमुक युनिटचं द्यावं, भरलेली जादा रक्कम व्याजासह पुढच्या बिलांत वळती करावी" असं लिहा. वीज तोडली जाण्याची भीती असेल तर अंतरिम आदेशाची विनंती त्याच अर्जात स्वतंत्र परिच्छेदात करा.

मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि नागपूर अशी दोन कार्यालयं आहेत. त्याच्यापुढे उरतं ते उच्च न्यायालय. निकाल तुमच्या बाजूने लागूनही कंपनी अंमलबजावणी करत नसेल तर आयोगाकडे कलम १४२ खाली जाता येतं. त्यात एका उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि ते चालू राहिलं तर दिवसाला सहा हजारांपर्यंत. अंमलबजावणीच्या पत्रात हे कलम नुसतं लिहिलं तरी हालचाल होते.

मंचाकडे न जाणारी प्रकरणं: कलम १२६ आणि १३५

चुकीच्या दारात जाऊन मुदत घालवणं हे ग्राहकाचं सर्वात मोठं नुकसान असतं. अनधिकृत वापर (कलम १२६) आणि वीजचोरी (कलम १३५) ही प्रकरणं मंचाकडे चालत नाहीत. कलम १२६ च्या आकारणीविरुद्ध ग्राहक न्यायालयातही जाता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं. दिवाणी न्यायालयाचा मार्गही कायद्याने बंद केला आहे.

घरगुती जोडणीवर दुकान चालवणं, मंजूर भारापेक्षा जास्त भार वापरणं हा कलम १२६ चा विषय. आधी तात्पुरती आकारणी येते. तिच्यावर लगेच लेखी हरकत द्यायची, म्हणजे सुनावणी मिळते. आकारणी लागू दराच्या दुप्पट असते आणि अनधिकृत वापर कधीपासूनचा ते ठरवता आलं नाही तर १२ महिन्यांची धरतात. अंतिम आदेशाविरुद्ध ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील, त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. उशिराला वार्षिक १६ टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी चक्रवाढ. आणि एक धोका: "हो, मान्य आहे" असं लिहून दिलेल्या आदेशावर अपीलच होत नाही.

घरातून शिवणकाम, खाऊ बनवणं, शिकवणी असं काम करणाऱ्या बायकांना वीज कंपनीच्या तपासणी पथकाने घाबरवल्याच्या तक्रारी येतात. त्यांनी हे माहीत करून घ्यावं: महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत वापर असेल, तर घराच्या काही भागात चालणाऱ्या अशा कामालाही घरगुती दरच लावण्याची तरतूद आयोगाच्या दर आदेशांत आहे. चालू आदेशातला तो परिच्छेद छापून मीटरपाशी ठेवा.

पथक आलं की ओळखपत्र पाहा. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही नको, कोऱ्या जागेवर तर मुळीच नको. न पटणारी गोष्ट असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात तसं लिहा आणि प्रत मागून घ्या. चोरीच्या संशयावरूनही राहत्या घराची झडती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घेता येत नाही. घरातला सज्ञान पुरुष हजर असेल तरच तशी मुभा कलम १३५ देतं.

ठेव आणि नवी जोडणी

सुरक्षा ठेवीवर कंपनीने किमान बँक दराने व्याज द्यायचं असतं (कलम ४७). वर्षातून एकदा ते बिलात वजा झालेलं दिसलं पाहिजे; दिसलं नाही तर मागा. वापर वाढला की वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं, ते खोटं समजून फेकू नका. नव्या जोडणीसाठी, अर्ज सर्व कागदांसह पूर्ण असेल तर, २०२४ च्या दुरुस्तीनंतर महानगरांत ३, इतर शहरी भागात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत आहे. कलम ४३ मध्ये उशिराला दिवसाला हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

गॅसचं गणित वेगळं

पाइपच्या गॅसला पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा २००६ चा कायदा लागू आहे. मुंबई-ठाण्यात महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस अशा कंपन्यांना ठरावीक क्षेत्रं दिलेली आहेत. विजेची सवय असलेला ग्राहक इथे फसतो, कारण घरगुती गॅसच्या विक्रीच्या दराला नियामकाची मंजुरी लागत नाही. मंडळ वाहिनीच्या वापराचं भाडं ठरवतं; विक्रीची कमाल किंमत ठरवायचा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या कंपनीच्या खटल्यात सांगितलं. तेव्हा जनसुनावणी नाही आणि दरावर हरकतही नाही. नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे बिलावर राज्याचा व्हॅट दिसतो. महाराष्ट्राने तो एप्रिल २०२२ पासून १३.५ वरून ३ टक्के केला.

लोकपालही इथे नाही. वैयक्तिक ग्राहकाची तक्रार ग्राहक आयोगापुढे चालण्यासारखी असेल तर नियामक मंडळ ती घेत नाही, असं या कायद्याच्या कलम २५ मध्येच लिहिलं आहे. म्हणून क्रम असा: कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. पाइपगॅसच्या बिलात वाद बहुधा अंदाजाच्या रीडिंगचा असतो. घराला कुलूप असेल त्या वेळी मीटरचा फोटो स्वतः कंपनीला पाठवला की तो उद्भवतच नाही. घनमीटरचे काळे आकडेच मोजतात, लाल चौकटीतले दशांश असतात.

सिलिंडर घेणाऱ्यांनी दारातच वजन करून मागावं, तो तुमचा हक्क आहे. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचं वजन आलं पाहिजे. वरच्या पट्टीवर एपासून डीपर्यंतचं एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्यापुढचे. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची तारीख असते. ती उलटून गेलेली टाकी परत करा. नव्या जोडणीबरोबर शेगडी त्याच दुकानातून घ्यायची सक्ती करता येत नाही. शेगडीवर आयएसआय चिन्ह हवं, एवढंच. गळतीचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन १९०६ लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. पाइपचा गॅस हलका असल्याने छताकडे जातो.